गुडघेदुखीवर व्यायाम: नऊ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये एक्सरे खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले, "ग्रेड तीन. गॅप कमी झालीय." म्हणजे गुडघ्याची झीज, चारपैकी तिसऱ्या पायरीची. घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी त्याचं मराठी करून दिलं, "वंगण संपलं तुमचं." माझं वय ५९, तेव्हाचं वजन ७४ किलो, घर सांगलीत दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. चढायला फार त्रास नव्हता. उतरताना मात्र उजव्या वाटीखाली सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. कठडा धरायचा, आडवं वळायचं आणि एकेक पायरी.

आधी पैसे कुठे वाया गेले ते सांगते. पहिल्या फिजिओकडे दहा सिटिंग झाली. शेक आणि करंटचं मशिन. मी कॉटवर पडून, ते पलीकडच्या पेशंटपाशी. बरं वाटायचं ते रिक्षातून उतरेपर्यंत. दहाव्या दिवशी हातात एक झेरॉक्स दिली, त्यातल्या चित्रातला माणूस पंचविशीचा. ग्लुकोसामाइनच्या गोळ्याही घेतल्या. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या सूचनांत या गोळ्या देऊ नयेत असं सरळ लिहिलंय, आणि व्यायाम मात्र गुडघ्याची झीज असलेल्या प्रत्येकाला सांगावा असं. लेकीने हे दाखवलं तोवर माझी तिसरी बाटली फोडून झाली होती.

दुसरी फिजिओ भेटली ती लेकीच्याच वयाची. एक्सरेचं पाकीट तिने उघडलंच नाही. "काकू, फोटो नंतर बघू. आधी हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा, ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा." मी सहा वेळा उठले, सातव्याला हात टेकलाच. मग तिने सांगितलं, की एक्सरे आणि दुखणं यांचं गणित जुळतंच असं नाही. फोटो वाईट असूनही चालणारे असतात आणि फोटो बरा असून कण्हणारेही. मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडला की प्रत्येक पावलाचा भार सांध्यावर येतो. शिवाय कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्याच नसतात. दाब येतो-जातो तसं सांध्यातलं पाणी आत-बाहेर होतं, त्यावर ती पोसली जाते. म्हणजे 'गुडघा जपा, बसून राहा' हा सगळ्या नातेवाइकांचा सल्ला उलटाच होता.

व्यायाम अगदी साधे होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरणं, पाय सरळ उचलणं, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून उठ-बस आणि जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर चढ-उतर. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. घोट्याला बांधायचा वजनाचा पट्टा विकत आणायचा नव्हता, म्हणून यांच्या जुन्या पँटचा पाय कापून पिशवी शिवली आणि एक किलो तांदूळ भरला. श्रावणात त्याला टोके झाले. आता त्यात वाळू आहे.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो दुखण्याचा नियम. दहापैकी दोनपर्यंत दुखलं तर बिनधास्त करा, पाचपर्यंत चालेल, त्यावर गेलं तर वजन किंवा आवर्तनं कमी करा. आणि दुसऱ्या दिवशी दुखणं मूळ जागेवर आलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा गुडघ्यांचा कार्यक्रम चालतो, त्यात हेच शिकवतात. तोवर जरा कळ आली की मी घाबरून थांबत होते. पहिले तीन आठवडे दुखणं वाढलंच होतं, आणि हा नियम माहीत नसता तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं.

तरी जुलैत माती खाल्लीच. बरं वाटतंय म्हणून एकाच दिवशी एक किलोचे दोन केले. रात्री गुडघा सुजून वाटी दिसेना. फिजिओ रागावली नाही, एवढंच म्हणाली, "काकू, गोळी डबल घेतली असती का?" पुढचा आठवडा बर्फ आणि रिकामी पिशवी.

फरक कळला तो साधारण दहाव्या आठवड्यात. गॅसवर दूध ठेवून खाली भाजीवाल्याकडे गेले आणि परत आले, तेव्हा लक्षात आलं की उतरताना कठडा धरलाच नव्हता. दूध उतू गेलं होतं ती गोष्ट वेगळी. सध्या खुर्चीतून ३० सेकंदांत १२ वेळा उठते. रोजचं दुखणं सहावरून तीनवर आलंय, शून्यावर नाही. वजन साडेतीन किलो उतरलं. एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, म्हणजे माझा चौदाने. त्यामुळे श्रेय व्यायामाचं किती आणि रात्रीचा भात बंद केल्याचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

मधे गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शनही सुचवलं गेलं होतं. अमेरिकेत १५६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये छापून आलाय. त्यात वर्षअखेरीस इंजेक्शनवाल्यांपेक्षा फिजिओथेरपीवाले बरे होते. मी थांबले. पण व्यायामाची जादूही सांगणार नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०२४ च्या मोठ्या आढाव्यात सरासरी फायदा माफकच दिसतो. आणि तो टिकवावा लागतो. दिवाळीत फराळ आणि पाहुण्यांच्या नादात तीन आठवडे खंड पडला, तर जिना पुन्हा आडवा.

कटकट आवाज अजून येतो. मांडी घालून पाच मिनिटांवर बसवत नाही, त्यामुळे सत्यनारायणाला मी मागे खुर्चीवर. पायाला आलेला बाक तसाच आहे. आणि गुडघा मधेच अडकून बसत असेल, किंवा लाल, गरम होऊन ताप येत असेल, तर हे वाचून पिशवी शिवायला घेऊ नका, आधी डॉक्टर गाठा.

खर्च म्हणाल तर दुसऱ्या फिजिओच्या सहा भेटी, नंतर दोन महिन्यांतून एकदा. पिशवीत सध्या अडीच किलो वाळू आहे. पँटचा दुसरा पाय शिल्लक होता, त्याची पिशवी वहिनींनी नेली.