डिचोलीतलं बिनबोर्डाचं गॅरेज: चार स्टार, पाचवा का कापला ते खाली

नाव विचारू नका, बोर्डच नाहीये. लग्नाच्या माटवाएवढी पत्र्याची शेड, सगळे नुसतं "मेस्ताकडे" म्हणतात (मेस्त म्हणजे कोकणीत मिस्त्री). चार वर्षं झाली गाडी तिथेच देतोय म्हणून लिहितो.

माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक, 2018 च्या दसऱ्याला घेतलेली, आजपर्यंत फक्त 41 हजार चाललीय. मी चोडणला राहतो, ऑफिस पणजीत. वॉरंटी होती तोवर सर्व्हिसिंग कंपनीतच केलं (तेवढं कराच, नाहीतर क्लेमच्या वेळी रेकॉर्ड मागतात), मग मात्र दहा हजार किलोमीटर होतच नाहीत तर ऑइल कशाला बदलायचं म्हणून ढकलत राहिलो. मेस्ताने पहिल्याच दिवशी ऑइलचं झाकण उघडून दाखवलं, आतून पांढरट चिकट थर, दुधावर साय धरावी तसा. घरून धक्क्यापर्यंत तीन किलोमीटर, फेरीबोटीत इंजिन बंद, रायबंदरला उतरून परत स्टार्ट, की आलीच पणजी. इंजिन नीट तापतच नाही, मग पाण्याची वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. मॅन्युअलमध्ये "10,000 किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं असतं ना, त्यातला दुसरा अर्धा भाग आपण वाचतच नाही. मेस्त म्हणाला, "पात्रांव, किलोमीटर सोड, पावस मेज" (शेठ, पावसाळे मोज). तेव्हापासून मी पावसाळे मोजतो, यंदाचा गाडीचा आठवा.

त्याचं सगळं काम याच हिशोबाने चालतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. टायरला नक्षी भरपूर होती तरी बाजूला बारीक चिरा दाखवल्या आणि टायरवरचा चार आकडी नंबर वाचायला लावला, 3118, म्हणजे 2018 चा 31 वा आठवडा. बदलले. जीव तुटला, पण बदलले.

मेमध्ये गाडी वर उचलून दरवाजांच्या खालची भोकं तारेने मोकळी करतो, पुढच्या काचेखालच्या जाळीतला आंब्याचा पाला काढतो. हा पाला म्हणजे माझी जुनी जखम आहे, एका चकचकीत सर्व्हिस सेंटरने इंजिन फ्लश, अमुक लिक्विड, तमुक लिक्विड असं सगळं बिलात लावलं होतं आणि त्याच जुलैत पायाखालचं कार्पेट भिजून बुरशीचा वास, कारण पाणी जायची वाटच तुंबलेली!

खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारून द्या म्हटलं तर साफ नाही म्हणतो, रबराचे बुश फुगतात म्हणे. गंजावर थेट काळं कोटिंगही मारत नाही, आत पाणी अडकून पत्रा आणखी कुजतो, आधी घासायचं, प्रायमर, मग कोटिंग. भरतीच्या वेळी फेरीच्या रॅम्पवर मांडवीचं खारं पाणी चाकांना लागतंच, त्यामुळे घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याचा पाइप मार, हे काम त्याने मला लावलंय. रोज होत नाही, खोटं कशाला बोलू. पावसात गाडी चार दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची, मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. (फेरीत मात्र ओढा हं!) बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली तोच लावून देतो, फुकट.

मागच्या वेळी ऑइल, फिल्टर आणि हे सगळं धरून 3,400 घेतले.

आता कापलेला स्टार. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतो. दुपारी 1 ते 4 फोन उचलत नाही, झोपतो. "सांजे मेळटा" (संध्याकाळी मिळेल) म्हणाला तर उद्या सकाळ धरा. आणि मेस्त लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त, त्यामुळे शिरगावच्या जत्रेआधी त्याचं व्रत सुरू झालं की शेड बंद, नेमकी पावसाआधी सगळ्यांना घाई असते तेव्हाच. जत्रेनंतर एवढी रांग लागते की गेल्या वर्षी माझा नंबर पहिला पाऊस पडल्यावर आला. यंदा मी आधीच वहीत नाव घालून आलोय, माझ्यापुढे अकरा गाड्या आहेत.