ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपला सेमी-मेटॅलिक ब्रेक पॅड टाकले, त्याचा रिव्ह्यू

आधी माझ्या गाडीला सिरॅमिक पॅड होते. रिकाम्या गाडीला एक नंबर, आवाज नाही, चाकं काळी होत नाहीत, पण एकदा मागे ट्रॉली फुल भरलेली आणि लांब उतार, तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मी पेडल दाबतोय दाबतोय आणि गाडी काही आवरेना, वर जळका वास. पेडल कडकच होतं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलेलं नव्हतं (उकळलं असतं तर पेडल स्पंजसारखं खाली गेलं असतं), पॅडनेच हात टेकले होते. नंतर काढून बघितले तर वरचा थर काचेसारखा गुळगुळीत.

मग सेमी-मेटॅलिक टाकले. यात साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो, त्यामुळे पॅड जास्त तापमान सहन करतो. तोच उतार, तेवढाच लोड, शेवटच्या वळणावरही ब्रेक पहिल्यासारखा. अर्थात गिअर उतरवूनच उतरलो, कारण स्पीड दुप्पट झाला की ब्रेकला चौपट एनर्जी जिरवावी लागते, तिथे कुठलाच पॅड जादू करत नाही.

घेताना पॅडच्या कडेवरची दोन इंग्रजी अक्षरं बघा, दुकानदार आपणहून सांगत नाही. पहिलं अक्षर नॉर्मल तापमानाची पकड, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणाचा आकडा ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, आकडा जास्त तेवढी पकड जास्त. एफई दिसलं तर समजायचं तापल्यावर एक पायरी उतरणार, लोडवाल्याने एफएफ किंवा जीजी शोधावं. फक्त ही अक्षरं पकड सांगतात, टिकाऊपणा नाही.

तक्रारी आहेतच. सकाळी गार असताना पहिले दोन-तीन ब्रेक जरा आळशी लागतात, काळी धूळ भरपूर, डिस्कही जास्त झिजते. आणि धातूमुळे उष्णता मागे कॅलिपरकडे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लवकर जाते म्हणून ब्रेक ऑइल पण बदलून घेतलं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी धरलं की ती लिमिट १५५ पर्यंत येते, जुन्या ऑइलवर नवे पॅड म्हणजे निम्मे पैसे पाण्यात.

बसवल्यावर लगेच लोड घेऊ नका, मी मोकळ्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून हलके ब्रेक मारले, तीसेक वेळा, मध्ये अर्धा मिनिट गार होऊ देत. बोअर काम आहे.

आवाजाचं म्हणाल तर किरकिर करतात, पण मागे ट्रॉलीचाच खडखडाट एवढा असतो की ती ऐकू येते फक्त रिकामं परतताना.