बल्लारशाचं सागवान, १२ एमएमची प्लेट आणि आमचा जिना

डोंगरउतारावर सेकंड होम बांधणाऱ्या आणि त्यात चारचौघांपेक्षा वेगळा जिना करू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी, जिन्याच्या कामात आमची फसवणूक कशी झाली ते लिहिते आहे. आमचं घर भिलारच्या पुढे, महाबळेश्वरच्या बाजूला आहे. रस्ता वर, घर खाली. दार उघडलं की पहिल्यांदा जिनाच समोर येतो. तो उतरून दिवाणखान्यात जायचं, पुढे पूर्ण उंचीची काच आणि पलीकडे दरी. जिना करून देणाऱ्या कंत्राटदाराने हे बरोबर हेरलं होतं. "ताई, तुमच्या घराचा शो म्हणजे हा जिनाच," हे त्याचं पहिलं वाक्य.

डिझाइन असं होतं: मधोमध लोखंडाचा एकच जाड कणा, त्यावर दोन्ही बाजूंनी अधांतरी वाटणाऱ्या लाकडी पायऱ्या, काचेचं रेलिंग आणि वर स्टीलचा हँडरेल. कोटेशनमध्ये कण्याला १२ एमएमची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाची) प्लेट, पायऱ्यांना ५० एमएम जाडीचं सलग बल्लारशा सागवान, हँडरेलला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. लाकडाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना जिथलं सागवान गेलं, तिथलंच हे." चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येला गेलं होतं हे खरंच आहे. थाप अशा खऱ्या गोष्टीला बांधून मारली की सहज पचते.

पैशांचे टप्पे असे: निम्मे ॲडव्हान्स, माल साइटवर उतरला की ४० टक्के, काम झाल्यावर उरलेले १०. माल आला तो रंग मारून, पॉलिश करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. उघडून बघू म्हटलं तर "पॉलिशला ओरखडे येतील, ताई." म्हणजे आतलं काहीही दिसायच्या आधी ९० टक्के रक्कम त्याच्या खिशात. सगळी फसवणूक या एका अटीवर उभी होती. चौकशीला आलेल्या दुसऱ्या दोघांच्या कोटेशनमध्येही मला हेच टप्पे दिसले, म्हणून हे ठासून सांगते आहे.

हँडरेल बसवताना त्याने स्वतःहून खिशातून लोहचुंबक काढलं, पाइपाला लावून दाखवलं. चिकटलं नाही. "बघा, अस्सल ३०४." इथे नीट लक्ष द्या. २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल बरंच कमी करून मँगनीज घालतात, आणि ओल्या हवेत ते लवकर गंजतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पावसाळ्यात धुकं घरात येऊन बसतं. श्रावण संपायच्या आत हँडरेलवर चहाच्या रंगाचे ठिपके आले. जोडाजवळ, वेल्डिंगच्या बाजूने सगळ्यात जास्त. ग्रेड ओळखायचं रसायन मिळतं, थेंबाने रंग बदलतो. लॅबवाले मशीन पाइपाला टेकवून धातूंचं प्रमाणही सांगतात. आमच्या रिपोर्टमध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपाससुद्धा नव्हतं.

पायऱ्यांचं बिंग वाईच्या एका जुन्या सुतारांनी फोडलं. ते खिडकीच्या कामाला आले होते. जिन्यावर बसून त्यांनी पायरीच्या टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, या लाकडाला टोकच नाही."

मला कळेना. मग त्यांनी दाखवलं. सलग फळी आडवी कापली की तिच्या टोकाला झाडाच्या वाढीची वलयं दिसतात, कमानीसारखी, आणि बारीक छिद्रं. आमच्या पायरीच्या टोकालाही वरच्यासारख्याच लांब सरळ रेघा होत्या. तिथे व्हेनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी चिकटवली होती. दमटपणाने एका कोपऱ्यात ती सुटलीच होती. त्यांनी पातं घालून थोडी उचलली. खाली पांढरट, हलकं लाकूड, तुकडे बोटात बोटं अडकवावीत तसे जोडलेले. त्याला सागवानाचा ना वास, ना तेलकटपणा. ५० एमएममध्ये साग होता तो एवढा पापुद्रा.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती कण्याची. उतरताना मधल्या पायऱ्यांवर जिना हलका झुलायचा. कंत्राटदार म्हणायचा, असे जिने थोडे झुलतातच. पायऱ्या काढल्यावर बोल्टच्या भोकातून जाडी मोजली: ६ एमएम. नातवंडं, वयस्कर सासूबाई, हातात ट्रे घेतलेली माणसं ज्यावरून ये-जा करतात त्याच्या कण्यातलं अर्धं लोखंड खाल्लेलं! आणि लोखंडाचं बिल किलोच्या दराने, १२ एमएमच्या वजनाचं. १२ एमएमची एक चौरस मीटर प्लेट ९४ किलोच्या आसपास भरते, ६ एमएमची ४७. गाडी वजनकाट्यावरून आणायला लावली असती तर पावतीच बोलली असती. त्याने दिलेलं टेस्ट सर्टिफिकेटही झेरॉक्स होतं. त्यावरचा हीट नंबर (कारखान्यातल्या ओतीव घाणाचा क्रमांक) प्लेटवर कुठेच नव्हता, कारण प्लेट आमच्यापर्यंत आली ती रंगाखाली दडून.

काच तेवढी खरी निघाली. दोन काचांमधला थर कडेला दिसतो, कोपऱ्यात शिक्का आहे. 'लोणावळ्याला आम्हीच केलेला' म्हणून दाखवलेला जिन्याचा फोटो मात्र परदेशी बंगल्याचा होता.

तुमचं काम चालू असेल तर दुसरा हप्ता देण्याआधी वर्कशॉपमध्ये जा. पायऱ्या पॉलिशच्या आधी बघा, टोकाचा चकतीएवढा तुकडा कापून मागा. सागवान वनखात्याच्या डेपोचं असेल तर बिल आणि वाहतूक परवान्याची प्रत मागा. कण्याची प्लेट वेल्डिंगआधी कॅलिपरने मोजा आणि मोजताना फोटो काढा. साइटवर माल आला की नव्हे, तपासून झाला की ४० टक्के, असं कोटेशनवरच लिहून घ्या. जो यावर चिडेल त्याला काम देऊ नका.

आम्ही वकिलांकडून नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. मुदत २ वर्षांची असते, त्यामुळे 'करून देतो, पाठवतो माणूस' या आश्वासनांवर ती जाऊ देऊ नका. कोटेशन, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि लॅबचा रिपोर्ट आम्ही जोडला आहे. काढलेल्या पायऱ्या टाकून दिलेल्या नाहीत. सुटलेल्या पट्टीसकट पडवीत झाकून ठेवल्या आहेत, आयोगाने मागितल्या तर दाखवायला. काही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.