गुहाचित्रांचा संच: रंग खरे, पुस्तिका कच्ची

शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे. अश्मयुगातल्या चित्रांवरचं हाती लागेल ते वाचत असतो. म्हणून नातीच्या ११ व्या वाढदिवसाला ‘आदिमानवासारखी चित्रं काढा’ या जातीचा एक संच ऑनलाइन मागवला. खोक्यात लाल गेरूची पुडी, पिवडीची (पिवळ्या मातीची) पुडी, काळी पूड, बोरूच्या दोन नळ्या, चुनखडीची एक फरशी, बॅटरीवरचा दिवा आणि २४ पानी पुस्तिका निघाली.

आधी रंगांची परीक्षा घेतली. मातीच्या नावाखाली रंगवलेली खडूची पूड गळ्यात मारतात, हा अनुभव गाठीला आहे. पिवडीची चिमूट लोखंडी पळीत घेऊन गॅसवर धरली. आधी कडा तपकिरी झाल्या, मग सगळी पूड विटकरी लाल. चला, माल अस्सल! पिवडीत लोहाचं जे खनिज असतं त्यात पाणी बांधलेलं असतं. २५०-३०० अंश सेल्सिअसला ते निघून जातं आणि हेमॅटाइट उरतं, म्हणजे गेरूचाच लाल. नात पळीकडे जादू बघितल्यासारखी बघत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बॉस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वी माणसं मोठ्या शिंपल्यांत गेरू कालवत होती, हे तिला तेव्हाच सांगून टाकलं. एरवी तिनं ऐकलं नसतं.

काळ्या पुडीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पुडीवर नुसतं ‘काळा’ लिहिलंय. गुहांमध्ये काळा दोन तऱ्हेचा सापडतो, लाकडाचा कोळसा किंवा मँगनीजचं खनिज. फ्रान्समधल्या शोव्हेच्या गुहेत कोळसा वापरलेला आहे, म्हणून रेडिओकार्बननं, म्हणजे कोळशातला कार्बन मोजून, थेट चित्राचं वय काढता आलं. फ्रान्समधल्याच लास्को गुहेत बहुतेक काळा मँगनीजचा, त्यात कार्बनच नाही, मग मोजणार काय? आणि इथे प्रश्न नुसत्या अभ्यासाचा नाही. पुस्तिका मुलांना सांगते, ‘रंग तोंडात घेऊन फुंका.’ कोणता काळा ते न लिहिता! मँगनीजची पूड मुलांच्या तोंडात जाऊ देणं मला पटत नाही. ती पुडी मी कपाटात टाकली आणि साधा कोळसा कुटून वापरला. विकणाऱ्यांना मेल केला, उत्तर नाही.

आता हाताचे ठसे. संचाची खरी मजा इथे आहे. हात दगडावर टेकवायचा आणि भोवती रंग उडवायचा, हात उचलला की त्याची कोरी आकृती उरते. एक नळी पातळ रंगात उभी धरायची, दुसरी तिच्या तोंडाशी काटकोनात टेकवून जोरात फुंकायचं. उभ्या नळीच्या तोंडावरून हवा वेगानं गेली की रंग वर ओढला जातो आणि तुषार उडतात. तत्त्व सोपं, पण संचातल्या नळ्या फार रुंद. तुषारांऐवजी थेंब पडतात आणि हाताची कड फुटते. मी बारीक बोरू कापून घेतले, तेव्हा जमलं. तरीही एका हातासाठी वीसेक मिनिटं गेली आणि गाल दुखले. फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेतल्या ठिपकेदार घोड्यांची प्रतिकृती संशोधक मिशेल लोर्ब्लाँशे यांनी तोंडानं रंग फुंकून केली होती. त्यांच्या गालांचं काय झालं असेल?

माझा ठसा डाव्या हाताचा आला, कारण नळ्या उजव्या हातात होत्या. अर्जेंटिनातल्या ‘हातांच्या गुहे’त बहुतेक ठसे डाव्या हाताचे आहेत, त्याचा अर्थ असाच लावतात. नात डावखुरी. तिनं काही न विचारता उजवा हात टेकवला. मग फ्रान्समधल्या गार्गास गुहेतली बोटं तुटल्यासारखी दिसणारी चित्रं तिला दाखवली. ती बोटं थंडीनं झडली, कापली की नुसती दुमडली, यावर वाद आहे. तिनं मधलं बोट दुमडून पाहिलं, पण तळव्याखाली फट राहून रंग आत घुसला. हात उलटा करून मागची बाजू टेकवली, तेव्हा बोट नीट ‘तुटलं’. यातून काही सिद्ध होत नाही हे तिला सांगितलं. तिला फरक पडला नाही.

पुस्तिकेनं मात्र निराशा केली. शिकार साधावी म्हणून जादूटोण्यासाठी चित्रं काढत, असं ती ठोकून सांगते. मग लास्कोमध्ये खाल्लेल्या प्राण्यांची हाडं बहुतेक रेनडिअरची आणि भिंतींवर शेकडो प्राण्यांत रेनडिअर जेमतेम एक, हे कसं? खायचं एक आणि काढायचं भलतंच? चित्रकला युरोपात जन्मली असंही दिलंय. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका चित्राचं वय किमान ५१,२०० वर्षं असल्याचं २०२४ मध्येच जाहीर झालं. पुस्तिकेत सुलावेसीचं नावसुद्धा नाही.

स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेची गोष्ट आहे, पण अर्धी. १८७९ मध्ये हौशी संशोधक साउतुओला यांच्या लहान मुलीनं छतावरचे गवे पाहिले, इथे गोष्ट संपते. तज्ज्ञांनी ती चित्रं बनावट ठरवली, साउतुओला १८८८ मध्ये गेले आणि सर्वांत कडवे टीकाकार, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ कार्तेयाक यांनी १९०२ मध्ये चूक कबूल केली, हे गाळलंय. मुलांना हेच जास्त आवडलं असतं.

फरशी गुळगुळीत, बाथरूमच्या टाइलसारखी. आल्तामिराचे गवे छताच्या फुगवट्यांवर बेतलेले आहेत, कुठे खांदा, कुठे कुशी दगडानंच दिलेली. म्हणून फरशी बाजूला ठेवून एक ओबडधोबड धोंडा आणला. बॅटरीच्या दिव्याचा उजेड सपाट पडतो, तोही काढला. तेलाची पणती जमिनीवर ठेवून खोलीतले दिवे घालवले. ज्योत हलली तशी धोंड्यावरची सावली हलली. नात पोटावर पडून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आजोबा, इथे पाठ आहे.”

तिच्या मते ते रानडुक्कर आहे. मला बैल दिसतो. धोंडा अजून टेबलावर कोराच आहे.