तो म्हणाला, फोन टीव्हीशेजारी उलटा ठेवा

रविवारी, 9 मार्च 2025ला, चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल आमच्याकडे सगळ्यांनी मिळून पाहिली. मॅच दुबईत, आणि इथे सांगलीत आमचा हॉल शेजारपाजारच्यांनी भरलेला. टीव्ही जुना, स्मार्ट नाही. त्याच्या मागच्या एचडीएमआयच्या खाचेत एक छोटं गोल डोंगल लावलंय, दिराने आठ वर्षांपूर्वी दिलेलं. फोनवर मॅच लावायची, कोपऱ्यातलं टीव्हीचं चिन्ह दाबायचं, की मॅच टीव्हीवर. भारत न्यूझीलंडविरुद्ध चार गडी आणि एक षटक राखून जिंकला. टाळ्या वाजवून सगळे घरी गेले.

सोमवारी सकाळी आण्णांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, नेहमीचा हरिपाठ लावायला गेले तर डोंगल जोडलंच जाईना. फोनवर इंग्रजीत मजकूर आला. या उपकरणाची खात्री पटवता येत नाही, ते विश्वासार्ह नाही, असा काहीसा त्याचा अर्थ. आण्णांच्या एका डोळ्याला काचबिंदूने अगदीच कमी दिसतं. फोनच्या पडद्यावरचं त्यांना दिसत नाही, टीव्हीवर लावलं तरच दिसतं. सकाळचा तो एक तास त्यांचा. सोमवार तसाच गेला. मंगळवारीही तेच. आण्णा काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. मला ते बघवलं नाही.

लेकीची दहावीची परीक्षा चालू होती, म्हणून तिला हाक मारली नाही. मिस्टर ड्यूटीवर. मी फोनवर डोंगलच्या कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकून शोधलं. पहिल्या दोन-तीन ठिकाणी नुसतीच माहिती, नंबर नाही. त्याखाली एका पानावर ठळक अक्षरात नंबर होता, वर कंपनीचं चिन्ह, खाली 'चोवीस तास सेवा'. आज सांगते, ज्या कंपनीचा नंबर सहज सापडत नाही, तिचा बहुधा तसा नंबरच नसतो. त्या रिकाम्या जागी कोणीतरी स्वतःचा नंबर लावून बसलेला असतो. तेव्हा मला एवढंच वाटलं, चला, मिळाला एकदाचा.

फोन आण्णांच्या मोबाइलवरून लावला, कारण माझ्या फोनवर डोंगल जोडलेलं असायचं आणि तो मोकळा हवा असं वाटलं. रिंग दोनदा वाजून कट झाली. दोन मिनिटांत उलट फोन आला. माणूस शांत, शुद्ध हिंदीत बोलणारा. मी अडचण सांगायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, परसों रात से बंद है ना? आपके डिव्हाइस का सर्टिफिकेट एक्स्पायर हो गया है. सबका हुआ है."

हे अक्षरशः खरं होतं. त्या पिढीच्या डोंगलांमध्ये, 'मी अस्सल आहे' असं फोनला पटवून देणारं एक डिजिटल सर्टिफिकेट होतं. ते दहा वर्षांच्या मुदतीचं होतं आणि ती मुदत नेमकी 9 मार्चला संपली. जगभरातली तशी डोंगलं एकदम अडली. सोमवारपासून तशा बातम्या येत होत्या. त्यानेही त्या वाचल्या असणार, एवढंच. पण माझ्या घरातली गोष्ट तो मला सांगतोय म्हटल्यावर माझा संशय तिथेच मेला. चोर खोटं बोलून फसवतो असं आपण धरून चालतो. याने आधी खरं सांगितलं आणि मग त्या खऱ्याच्या आड पुढचं सगळं केलं.

आधी त्याने डोंगलचं बटण दाबून धरायला लावलं, दिवा लुकलुकेपर्यंत. म्हणजे डोंगल पूर्ण रीसेट. कंपनी त्याच दिवसांत लोकांना बजावत होती की काहीही करा पण रीसेट करू नका, कारण रीसेट झालेलं डोंगल पुन्हा जोडताच येत नव्हतं. हे मला नंतर कळलं. रीसेटनंतर टीव्हीवर नव्याने सुरुवातीचा पडदा आला, आणि आता आपल्याला याच माणसाची गरज आहे असं वाटायला लागलं. मला तर वाटतं, त्याने ते त्यासाठीच करायला लावलं.

मग म्हणाला, सर्टिफिकेट फोनमधून भरावं लागेल, त्यासाठी 'सपोर्ट'चं एक ॲप घ्या. ॲप प्ले स्टोअरवरचं होतं, लाखो लोकांनी घेतलेलं. लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर किंवा फोन दुरुस्त करायला ऑफिसांत हे वापरतात, त्यात बेकायदा काही नाही. म्हणून 'प्ले स्टोअरवर आहे म्हणजे सुरक्षित' या भरवशावर इथे राहू नका. ॲप उघडल्यावर मोठा आकडा दिसला. त्याने तो वाचायला सांगितला, मी एकेक अंक मोठ्याने वाचून दाखवला. लगेच फोनने विचारलं, सुरू करू का? खाली लिहिलेलं होतं, तुमच्या स्क्रीनवर दिसणारं सगळं, पासवर्ड, पैसे भरण्याचा तपशील, फोटो, मेसेज, हे या ॲपला दिसेल.

ही सूचना मी वाचली. न वाचता बटण दाबलं असं झालं नाही. पण त्या मजकुरात 'कास्ट' हा शब्द होता, आणि एकदा भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो टीव्हीवर दाखवताना अशीच सूचना मी पाहिली होती. तेव्हा दाबलं होतं, काही झालं नव्हतं. म्हणून याही वेळी 'सुरू करा' दाबलं.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हा फरक मला आधी कोणी सांगितला असता तर मी वाचले असते. फोनवरून टीव्हीवर दाखवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एक कास्ट. त्यात फोन व्हिडिओ पाठवत नाहीच. तो डोंगलला फक्त निरोप देतो की अमुक व्हिडिओ लाव, आणि डोंगल तो वायफायवरून स्वतः इंटरनेटवरनं ओढतं. फोन नुसता रिमोट. म्हणून हरिपाठ टीव्हीवर चालू असताना मी फोनवर बोलू शकते, मेसेज बघू शकते, टीव्हीवर त्यातलं काही येत नाही. दुसरी मिररिंग, मिराकास्ट वगैरे त्यातलंच. त्यात फोनचा अख्खा पडदा जसाच्या तसा समोर जातो. वरून खाली सरकणारा मेसेज, त्यातला ओटीपी, टाइप करताना दिसणारी अक्षरं, सगळं. घरातल्या टीव्हीवर ते ठीक आहे, बघणारे आपलेच. त्या ॲपने माझ्या फोनचा पडदा असाच पाठवला, पण तो माझ्या हॉलमधल्या टीव्हीवर नाही, त्या माणसाच्या समोर. कास्ट चालत नसेल तर ते दुरुस्त करायला तुमचा पडदा कोणालाही दिसायची गरज नसते. एवढं एक जरी डोक्यात राहिलं तरी पुरे.

नंतर त्याने मेसेजमध्ये लिंक पाठवली. सर्टिफिकेटची फी दहा रुपये. दहाच रुपये म्हटल्यावर कोण विचार करतं? लिंकवर नाव, डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरायला लावले. ओटीपी त्याने मागितलाच नाही. ओटीपी मागतो तो चोर, हे मला पाठ होतं. याने मागितला नाही म्हणून उलट विश्वास बसला. त्याला मागायची गरजच नव्हती.

दहा रुपये गेले. मग तो म्हणाला, "अब फोन को टीव्ही के पास उल्टा करके रख दीजिए, बीस मिनट हाथ मत लगाइए, नहीं तो अपडेट अटक जाएगा." मी शोकेसवरचा क्रोशाचा रुमाल बाजूला केला, फोन डोंगलच्या बाजूला पालथा ठेवला आणि कणीक मळायला गेले. आण्णांच्या मोबाइलवर तो बोलत राहिला, सासऱ्यांचं वय काय, टीव्ही किती इंची. हॉलमधून मेसेजची टणटण ऐकू येत होती. मी म्हटलं, मेसेज येताहेत. म्हणाला, अपडेटचे आहेत.

आण्णा हॉलमध्येच बसलेले. ते म्हणाले, "अगं, फोन सारखा थरथरतोय, बघ तरी एकदा." मी म्हटलं, हात लावू नका म्हणालाय. माझं हे उत्तर मला अजून झोपू देत नाही.

फोन कट झाला तसं मी कणकेच्या हाताने माझा फोन उचलला. 24,990. परत 24,990. आणि 19,500. एकूण 69,480 रुपये. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. ओव्हरलॉकचं मशीन आणि लेकीच्या अकरावीचा खर्च, यासाठी दोन वर्षं त्या खात्यात टाकत होते. खात्यात अठराशे उरले.

लेक बाहेर आली. तिने पहिल्यांदा माझ्या फोनचं वायफाय आणि डेटा बंद केला, ते ॲप काढलं. मी नुसती उभी होते. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करून कार्ड बंद केलं, आणि लगेच 1930ला लावला. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरली. 1930वर फोन करायला मला साधारण पस्तीस मिनिटं लागली, त्यातली वीस तर रडण्यात आणि मिस्टरांना काय सांगू या विचारात गेली. ती वीस मिनिटं महागात पडली. तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेलेत ते पुढे सरकायच्या आत तिथेच रोखायचा प्रयत्न होतो. माझे शेवटचे 19,500 एका वॉलेटमध्ये अडकवता आले, आणि काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने ते परत मिळाले. पहिले दोन आकडे तोवर पुढच्या खात्यांमध्ये फुटून गेले होते.

बँकेत गेले तर साहेबांनी नीट समजावून सांगितलं, ओरडले नाहीत. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा 6 जुलै 2017चा नियम लागू होता. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, अशा चोरीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही. पण ग्राहकाने स्वतःच माहिती दुसऱ्याच्या हाती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मी कार्डाचा तपशील भरला होता आणि पडदा दाखवला होता, त्यामुळे पहिले दोन गेले ते माझेच गेले. म्हणून म्हणते, लाज वाटत असली तरी फोन आधी करा, रडायचं ते नंतर रडा.

तिसऱ्या दिवशी आणखी एक फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी दोन हजार." मराठीत बोलत होता, माझं नाव आणि गेलेली रक्कम त्याला माहीत होती. त्याच टोळीतला असणार, नाहीतर रक्कम कशी कळली? लेकीने फोन काढून घेतला. एकदा फसलेल्याला हे परत गाठतात. आमच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदारताईंनी सांगितलं की पैसे परत देण्यासाठी पोलीस कधीही पैसे मागत नाहीत.

डोंगलचं काय झालं तेही सांगते. कंपनीने होळीच्या सुमारास दुरुस्ती पाठवायला सुरुवात केली, आणि लोकांची डोंगलं वायफायवर नुसती चालू ठेवल्यावर आपोआप सुरू झाली. फी नाही, ॲप नाही, कोणाला फोन नाही. आमच्या मागच्या गल्लीत तेच डोंगल आहे, त्यांनी काहीच केलं नाही आणि त्यांचं सुरू झालं. आमचं रीसेट झालेलं, म्हणून फोनमधल्या कंपनीच्या ॲपचं अपडेट येईपर्यंत थांबावं लागलं. तेवढे दिवस आण्णांना लेक अभ्यासातून उठून हरिपाठ वाचून दाखवायची.

आता डोंगलचं खोकं मी माळ्यावरून काढून कपाटात ठेवलंय. त्यावर कंपनीच्या मदतपानाचा पत्ता छापलेला आहे, आठ वर्षं तो तिथेच होता. आण्णा अजून मधूनच म्हणतात, "माझ्यामुळे झालं गं सगळं." दरवेळी मी त्यांना सांगते की तुम्ही तर मला फोन बघ म्हणाला होतात.

तो नंबर ज्या पानावर होता, त्याची तक्रार लेकीने दोनदा केली. परवा पुन्हा शोधून पाहिलं. नंबर बदललाय. पान तेच आहे, वर कंपनीचं चिन्ह आणि खाली 'चोवीस तास सेवा'.