किलपेकचं चर्च: आत जाण्याआधी बाहेरून पूर्ण फेरी मारा

मी मूळची सिन्नरची, गोंदेश्वर मंदिराच्या दगडांवर बोटं फिरवत वाढलेली. त्यामुळे इंग्लंडात हेरफर्डच्या नैऋत्येला, वेल्सच्या सीमेजवळच्या किलपेक गावात पोचल्यावर चर्चच्या आत पाऊल टाकायलाच मला तासभर लागला.

साधारण ११४० सालचं बांधकाम, लालसर वालुकाश्मातलं. दक्षिणेच्या दारावर कोरीवकाम इतकं दाट, की वेलींत गुंतलेले योद्धे शोधावे लागतात. वरच्या अर्धगोलात जीवनवृक्ष. छपराखाली भिंतभर ८५ कोरीव दगड टिकून आहेत. त्यांतली कुत्रा आणि सशाची जोडी माझी सगळ्यात लाडकी. शीला-ना-गिग, म्हणजे आपली योनी उघडपणे दाखवणारी नग्न स्त्रीची कोरीव मूर्ती, हीही तिथेच आहे आणि तिला कुणी झाकून ठेवलेलं नाही, हे मला फार आवडलं. जवळजवळ ९०० वर्षं पाऊस झेलूनही कडा अशा रेखीव!

आतून चर्च लहान आणि साधं. टोकाचा अर्धवर्तुळाकार भाग पाहून मला आपला गाभाराच आठवला. मागे जुन्या किल्ल्याची टेकडी आहे, तीही चढून या. तिकीट नाही, पण देखभालीसाठी काहीतरी जरूर द्या. दुर्बीण बरोबर ठेवा, वरचे चेहरे नुसत्या डोळ्यांनी पुरते दिसत नाहीत. पाचपैकी पाच.