स्कॉटलंडमधे एकच जंगल बघायचं असेल तर पाइनचं की ओकचं?

दर उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतंच आणि प्लॅन ठरलेला असतो, एडिनबरा, लॉख नेस, स्काय बेट, परत. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळपट हिरवी झाडं दिसली की सगळे म्हणतात वा, काय घनदाट जंगल आहे. तेव्हा मला राहवत नाही, कारण ते जंगल नाहीये. ती सिट्का स्प्रूसची लागवड असते, झाड उत्तर अमेरिकेतलं, लाकडासाठी ओळीत लावलेलं, आत शिरलात तर उजेड नाही आणि खाली सुकलेल्या सुयांशिवाय फारसं काही नाही. आपल्याकडे डोंगर हिरवे दिसावेत म्हणून ग्लिरिसिडिया नि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलीये ना, तसंच समजा. इथलं मूळचं रान फार थोडं उरलंय आणि ते बघायचं तर वाट वाकडी करूनच जावं लागतं. मी ग्लासगोत राहते, सुट्टी मिळाली की याच रानांमधे जाते, त्यामुळे "एकच दिवस आहे, कुठलं जंगल बघू" असं मला खूप जण विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

मुळात निवड दोन प्रकारांत आहे. एक हायलँड्सच्या आतल्या भागातलं पाइनचं रान, ज्याला कॅलेडोनियन फॉरेस्ट म्हणतात. हिमयुग संपल्यावर आपसूक उगवत आलेल्या स्कॉट्स पाइनचे हे वंशज, आणि अधिकृत यादीत अशा जागा आहेत फक्त ८४. दुसरं पश्चिम किनाऱ्यावरचं ओकचं रान, समुद्राला लागून आणि वर्षभर ओलं. हे चक्क रेनफॉरेस्ट आहे, फक्त थंड हवेतलं, आणि सगळं मिळून तीसेक हजार हेक्टर शिल्लक आहे. दोघांचा स्वभाव इतका वेगळा आहे की एक बघितलं म्हणजे दुसरंही बघून झालं असं अजिबात होत नाही.

पाइनमधे जायला सगळ्यात सोपं रॉथीमर्कस. ॲव्हिमोर गावाला रेल्वे स्टेशन आहे, ग्लासगो किंवा एडिनबराहून अडीच-तीन तास लागतात, आणि तिथून टॅक्सी किंवा भाड्याची सायकल घेतली की थोड्याच वेळात तुम्ही लॉख अन एलनच्या काठावर. तळ्यातल्या बेटावर पडका किल्ला आहे, तळ्याभोवतीची वाट साधारण पाच किलोमीटर आणि बऱ्यापैकी सपाट, त्यामुळे गुडघे दुखणारे आईबाबा आणि सहा वर्षांचं पोरगं असे सगळे एकत्र चालू शकतात. स्कॉट्स पाइन ओळखायला सोपं, खोडाचा वरचा भाग नारिंगी तांबूस असतो आणि संध्याकाळचं ऊन पडलं की पेटल्यासारखा दिसतो. खाली ब्लेबेरी आणि हेदर या झुडपांचा गुडघाभर थर, आणि मधेच वाटेच्या कडेला सुयांचा एक ढीग दिसेल कमरेएवढा, तो वुड ॲंट मुंग्यांचं घर असतो. तिथे थांबा, घाई करू नका. आधी नुसता ढीग वाटतो, मग डोळा बसला की कळतं की अख्खा ढीग हलतोय, प्रत्येक मुंगी एक सुई ओढत निघालीये.

याच भागात लॉख गार्टन आहे, तिथे ऑस्प्रे बघायला मिळतो, आपल्याकडे हिवाळ्यात भिगवणला दिसतो तोच मासे पकडणारा शिकारी पक्षी. इथे माणसांनी मारून मारून संपवला होता, १९५४ मधे तो परत आला, अंडी चोरणाऱ्यांपासून वाचवायला लोकांनी घरट्याखाली पहारा दिला, आणि १९५९ पासून सगळ्यांना लांबून घरटं बघायची सोय झाली. ग्लेनमोरला रेनडिअरचा कळप आहे, मुलांना तो प्रचंड आवडतो. तिथूनच पुढे चालत गेलात की अन लॉखन वैना नावाचं गडद हिरव्या पाण्याचं तळं लागतं, पऱ्या इथे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं अशी जुनी गोष्ट आहे. थोडक्यात काय, रॉथीमर्कसला जंगल आहे, आजूबाजूला बघायला भरपूर आहे, हॉटेलं आहेत, चहा मिळतो. पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी असते, आणि तुम्हाला जंगलात शांतता हवी असेल तर ती इथे सकाळी आठच्या आतच मिळते, हे आधी सांगून ठेवते.

ग्लेन ॲफ्रिक बरोबर याच्या उलट. इन्व्हरनेसहून कॅनिख गाव चाळीसेक किलोमीटर, आणि त्याच्यापुढे रस्ता एकेरी, समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमधे थांबायचं, रस्ता संपतो तिथे जंगलही संपत नाही. कॅनिख सोडलं की दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही म्हटलं तरी चालेल. कार नसेल तर ॲफ्रिकचा नाद सोडा, बसच्या भरवशावर जाण्यासारखी जागा नाही ती. पण कार असेल आणि दोन दिवस असतील तर मी सांगते ना, पाइनचं रान कसं असतं ते इथे कळतं. रॉथीमर्कसला तुम्ही झाडांच्या मधून चालता, इथे पूर्ण दरीच झाडांची आहे, तळी, बेटं, बेटांवरही पाइन, मागे डोंगर. वाटेतल्या बेन व्हिआन तळ्याला धरण आहे, पाणी उतरलं की कडेला दगडांचा पांढरट पट्टा दिसतो, पुढचं लॉख ॲफ्रिक मात्र जसंच्या तसं आहे. पूर्ण लॉख ॲफ्रिकला फेरी मारायची तर अठरा किलोमीटर चाल आहे, सवय नसेल तर नका करू, नदीकाठची छोटी वाट आणि डॉग फॉल्स एवढं केलं तरी दिवस भरून पावतो. जवळच टॉमिखच्या वर प्लॉडा फॉल्स आहे, ४६ मीटर उंच, धबधब्याच्या अगदी डोक्यावर प्लॅटफॉर्म बांधलाय, खाली बघितलं की पाय गार पडतात.

आणि ॲफ्रिकमधे एक गोष्ट बघाल, ठिकठिकाणी उंच कुंपणं. माणसांना अडवायला नाहीत ती, हरणांसाठी आहेत. लांडगे कधीच संपले, हरणं वाढत गेली आणि ती कोवळी रोपं खातात, म्हणून कित्येक जागी दोनशे-तीनशे वर्षांची म्हातारी झाडं आहेत आणि त्यांच्या खाली एकही पोर नाही. ट्रीज फॉर लाइफ नावाची संस्था १९८९ पासून ॲफ्रिकमधे काम करतेय. कुंपणाच्या आत कंबरेएवढी पाइनची रोपं, रोवन, बर्च असं दाटलेलं असतं आणि बाहेर नुसतं हेदर. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकदा नीट बघा, जंगल मरतं कसं आणि परत येतं कसं हे त्या दोन पावलांत दिसतं. मला तर दर वेळी तिथे भरून येतं.

आता ओक. यात सुनार्टचं ॲरिअंडल जास्त प्रसिद्ध आहे, स्ट्रॉन्टीअन गावाजवळ, ज्या गावाच्या नावावरून स्ट्रॉन्शिअम मूलद्रव्याला नाव मिळालं तेच हे. जागा सुंदर आहे, समोर लॉख सुनार्टची खाडी, नशीब असेल तर पाणमांजर दिसतं. पण तिथे जायला कॉरनची फेरी लागते, आणि फेरी बंद असली तर डोंगराला वळसा घालून फार लांबून जावं लागतं. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांना मी ग्लेन नांट सुचवते. ग्लासगो-ओबान रेल्वेवर टेनुल्ट स्टेशन आहे, तिथून पाचेक किलोमीटर. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा आणि टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा.

ग्लेन नांटला भव्य असं काही दिसणार नाही. झाडं फार उंच नाहीत, वाकडीतिकडी आहेत, एकेका बुंध्यातून चार-पाच खोडं फुटलेली. त्याचं कारण टेनुल्टजवळच बोनॉला आहे. तिथे १७५३ साली लोखंडाची भट्टी सुरू झाली, १८७६ पर्यंत चालली, लोहखनिज इंग्लंडहून जहाजाने यायचं आणि कोळसा या ओकचा. झाड मुळासकट तोडायचे नाहीत, बुंधा ठेवून वरचं कापायचे, मग नवे फुटवे येऊ द्यायचे, वर्षानुवर्षं. म्हणून रान टिकलं. जंगलात अजूनही गोल सपाट चौथरे दिसतात, तिथे कोळसा पाडायचे. भट्टीची इमारत उन्हाळ्यात बघता येते, जंगल आणि भट्टी एकाच दिवसात बघा, एकाशिवाय दुसरं अर्धवट आहे.

पण खरी गंमत अगदी जवळून बघण्यात आहे. गेल्या मे महिन्यात आईला घेऊन गेले होते, पाऊस नुकताच थांबला होता, सगळ्या खोडांवर शेवाळाची जाड गादी, हात ठेवला तर मनगटापर्यंत ओला. एका हेझलच्या खोडावर तळहाताएवढ्या पानासारखं काहीतरी लटकत होतं, कोबीच्या पानासारखं हिरवंगार, वर जाळीदार खळगे. आईने चष्मा पुसला, अगदी नाक जवळ नेऊन बघितलं आणि म्हणाली, "अगं हे तर दगडफुलाच्या जातीचं दिसतंय!" आणि बरोबरच होतं तिचं. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे लायकेनच, आणि हे ट्री लंगवर्ट, फुप्फुसासारखं दिसतं म्हणून लंगवर्ट. पावसात असं हिरवंगार, दोन कोरडे दिवस गेले की कागदासारखं तपकिरी. हवा स्वच्छ असेल तिथेच वाढतं. त्यानंतरचे दोन तास आई वाटेने चाललीच नाही, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, हे बघ, इकडे बघ, हे वेगळं आहे. (तोडून घेऊ दिलं नाही मी, तोडू नकाच, वाढायला कित्येक वर्षं लागतात त्याला.)

तर कुणी काय निवडावं. लहान मुलं, वयस्कर माणसं, कार नाही, आणि जंगलासोबत बाकीचंही बघायचंय, तर डोळे मिटून रॉथीमर्कस. कार आहे, दोन दिवस आहेत, सह्याद्रीत चालायची सवय आहे, तर ॲफ्रिक. फोटोत मावणारे डोंगर-तळी नको असतील, पावसाचं वावडं नसेल आणि एका झाडापाशी अर्धा तास उभं राहायची हौस असेल, तर ओक. माझं स्वतःचं मत विचाराल तर ओकच, कारण पाइनचं रान निदान कॅलेंडरवर तरी बघितलेलं असतं, हे कुणी दाखवतच नाही. फक्त ग्लासगोहून एकच दिवस मोकळा असेल तर बालमाहाला जाऊन बोटीने इंचकॅलॉख बेटावर जा, लॉख लोमंडमधलं छोटं बेट, ओकचं रान आणि मे महिन्यात खाली ब्लूबेलची निळी चादर, दुपारी चारपर्यंत परत.

महिना पण बघा. ओकसाठी मे सगळ्यात चांगला, पालवी कोवळी आणि चिलटं अजून कमी. इथल्या चिलटांना मिज म्हणतात, जून ते ऑगस्ट फार वाईट, वारा पडला की ढगच येतो अंगावर. एका जुलैत डॉग फॉल्सला डबा उघडला आणि दोन मिनिटांत तो गाडीत नेऊन काचा लावून खावा लागला, तेव्हापासून डोक्यावरून घ्यायची जाळी बॅगेत कायम असते. गोचीड सगळीकडे असतात, पायमोज्यात पॅंट खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो, हे हसण्यावारी नेऊ नका. बाकी तिकीट नाही, जीप नाही, गाइडची सक्ती नाही. २००३ च्या कायद्याने इथे जवळपास कुठल्याही मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने चालायचा हक्क आहे, पार्किंगचे पैसे तेवढे काही ठिकाणी लागतात. मात्र एप्रिल ते ऑगस्ट पाइनच्या रानात वाट सोडून आत शिरू नका. कॅपरकेली नावाचा कोंबड्याच्या जातीतला मोठा पक्षी जमिनीवर घरटं करतो, २०२१-२२ च्या पाहणीत अख्ख्या देशात अंदाजे ५४२ उरलेत असं निघालं.

या वर्षी मावशी येतेय ऑक्टोबरमधे. तिला मी ओक नाही, ॲफ्रिक दाखवणार आहे, कारण तेव्हा पाइनच्या मधले बर्च पिवळेधमक झालेले असतात, चिलटं गेलेली असतात, आणि संध्याकाळी दरीत नर हरणांच्या डरकाळ्या ऐकू येतात. गाडी बुक झालीये, कॅनिखला दोन रात्री.